धुक्यातून धातूला कवच

(देवगाव फाटा, जिल्हा परभणी येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सेलू, जिंतूर आणि मंठा या बाजूंचे रस्ते जेथे एकत्र येतात अशा या फाट्यावर लोखंडाची वर्दळ कधी थांबत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, नांगराचे फाळ, विहिरीवरचे पंप, शाळेच्या छपराचे पत्रे, पाण्याच्या टाकीची शिडी, अशा किती वस्तू सांगाव्यात! यांपैकी प्रत्येक वस्तू ज्या दिवशी तयार होते, त्याच दिवसापासून हवा आणि पाणी तिच्यावर आपला हक्क सांगू लागतात. खाणीतून खनिजाच्या रूपाने निघालेले लोखंड पुन्हा त्याच रूपाकडे परतू पाहते. या परतीच्या प्रवासालाच आपण गंज म्हणतो.

हा प्रवास लांबविण्याचा एक शास्त्रीय मार्ग म्हणजे आजचा विषय. धातूच्या पृष्ठभागावर सिरॅमिकचा, म्हणजे चिनीमातीच्या कुळातील कठीण पदार्थाचा, अत्यंत पातळ थर धुक्याच्या साहाय्याने बसविता येतो. मी कला शाखेचा पदवीधर आहे आणि माहिती पोहोचविणे हे माझे काम आहे. म्हणून प्रयोगशाळेची भाषा बाजूस ठेवून आपल्या रोजच्या अनुभवाच्या आधारानेच मी हा विषय मांडणार आहे. ‘सिरॅमिक कोटिंग’ हे शब्द आज जाहिरातींतून सर्रास ऐकू येतात आणि उद्या ते ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या दरपत्रकांतही येतील. त्या वेळी आपण काय विचारावे, हे ठरविण्यास या माहितीचा उपयोग व्हावा, एवढाच माझा हेतू आहे.

गंज आणि कवच

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. हवेतील ऑक्सिजनचा संयोग केवळ लोखंडाशीच होतो असे नाही. ॲल्युमिनियमचे पातेले उघड्यावर ठेवले तरी त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि तोही काही क्षणांत. मग पातेले टिकते आणि खिळा का कुजतो? याचे उत्तर थराच्या गुणात आहे. ॲल्युमिनियमवरचा नैसर्गिक थर मिलिमीटरच्या लक्षांशाहूनही पातळ असतो. परंतु तो सलग असतो, धातूस घट्ट धरून राहतो आणि ऑक्सिजनला पुढे सरकू देत नाही. लोखंडावरचा गंज मात्र सच्छिद्र आणि भुसभुशीत असतो. तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खाली नवे लोखंड उघडे पडते.

पिलिंग आणि बेडवर्थ या दोन संशोधकांनी १९२३ साली याचा एक सोपा हिशेब मांडला. जितका धातू खर्ची पडतो त्याच्या तुलनेत तयार झालेल्या ऑक्साइडचे आकारमान किती, हे त्यांनी पाहिले. ॲल्युमिनियमच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे १.२८ आहे, म्हणून थर धातूला नेमका झाकतो. मॅग्नेशियमच्या बाबतीत ते सुमारे ०.८१ आहे, तेथे थर अपुरा पडतो. लोखंडाच्या तांबड्या ऑक्साइडच्या बाबतीत ते दोनांहून अधिक आहे. तेथे थरावर ताण येतो आणि तो सुटू लागतो. हा नियम सर्वत्र अचूक लागू पडतो असे नाही, पण त्यातून एक मोठी गोष्ट कळते. संरक्षण धातूच्या जाडीवर अवलंबून नसून त्याच्या अगदी वरच्या थरावर अवलंबून असते. निसर्गाने जे कवच ॲल्युमिनियमला दिले ते लोखंडास आपण बाहेरून द्यावे, हा या विद्येचा गाभा होय.

आपल्या परिचयाची कवचे

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. तांब्यापितळेच्या भांड्यांस कल्हई करणारा कारागीर प्रथम भांडे घासून स्वच्छ करतो, ते तापवितो, नवसागर टाकतो आणि कथील लावून कापसाच्या बोळ्याने सर्वत्र फिरवितो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून साध्या भट्टीवर हे काम होते. नवसागर पृष्ठभागावरील ऑक्साइड काढून टाकतो आणि मगच कथील धातूस धरते. भांडे नीट घासले नाही तर कल्हई टिकत नाही, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. आजच्या अद्ययावत प्रयोगशाळेतही पहिला नियम हाच आहे.

लोहाराच्या भट्टीवर याहूनही जवळचे उदाहरण सापडते. हत्यारास पाणी दिल्यानंतर तो ते घासून पुन्हा हलके तापवितो आणि रंग पाहत राहतो. सव्वादोनशे अंशांच्या सुमारास फिकट पिवळा रंग येतो, तीनशेच्या आसपास निळा येतो. हे रंग कोणी लावलेले नसतात. पोलादावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरावर प्रकाशाची जी किमया होते, तिचे ते रंग आहेत. थराची जाडी बदलली की रंग बदलतो. आपला लोहार पिढ्यान्‌पिढ्या पातळ थराची जाडी डोळ्यांनी मोजत आला आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

तिसरे उदाहरण एनॅमलचे. जुन्या निळ्या-पांढऱ्या पाट्या आणि पांढरे मग आपण पाहिले आहेत. लोखंडी पत्र्यावर काचेची भुकटी लावून ती सुमारे आठशे अंशांवर भाजली की एनॅमल तयार होते. म्हणजे सिरॅमिकचे कवच असलेले लोखंड आपण अनेक वर्षे वापरीत आहोत. त्या पाटीवर दगड बसून जेथे टवका उडतो, तेथूनच गंजाचा तांबडा ओघळ सुरू होतो, हेही आपण पाहिले आहे. हा ओघळ लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

धुके कसे काम करते

एनॅमलचा थर जाड असतो. तो थर कितीतरी पट पातळ, एक-दोन मायक्रॉनचा करता आला तर? मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारणपणे ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. एक चौरस मीटर पृष्ठभागावर एक मायक्रॉन जाडीचा ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, थर द्यावयाचा तर त्याचे आकारमान एक घन सेंटिमीटर होते आणि वजन सुमारे चार ग्रॅम. इतक्या थोड्या मालात एवढे क्षेत्र झाकले जाते. प्रश्न एवढाच, की हे चार ग्रॅम सर्वत्र सारखे पसरावयाचे कसे?

येथे आपल्या शेतकऱ्याचा फवारणी पंप मदतीस येतो. औषधाचे द्रावण नोझलमधून सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडते आणि हवेबरोबर पानावर जाते. वायूत तरंगणाऱ्या अशा सूक्ष्म कणांच्या समूहास शास्त्रात एरोसॉल म्हणतात. सकाळचे धुके हाही एरोसॉलच. प्रयोगशाळेत ॲल्युमिनियम, झिर्कोनियम किंवा टायटॅनियम यांसारख्या धातूचे संयुग पाण्यात अथवा अल्कोहोलमध्ये विरघळवितात. त्या द्रावणाचे धुके करतात आणि ते साधारणपणे ३०० ते ५०० अंशांपर्यंत तापविलेल्या पृष्ठभागावर सोडतात. द्रव उडून जातो, उष्णतेने संयुगाचे विघटन होते आणि पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर उरतो. या पद्धतीस फवारा-तापविघटन असे म्हणता येईल.

धुके दोन प्रकारे करतात. दाबाखालील हवेने द्रावण फोडावे, हा पहिला प्रकार. ज्यांचा आवाज मानवी कानास ऐकू येत नाही अशा अतिजलद कंपनांनी द्रावणाच्या पृष्ठभागावरून तुषार उडवावेत, हा दुसरा. दवाखान्यात दम्याच्या रुग्णास वाफारा देण्याचे काही नेब्युलायझर याच तत्त्वावर चालतात. थेंब जितका बारीक तितका थर एकसारखा होतो. थेंबाचा व्यास निम्मा केला तर एका थेंबाचे आठ थेंब होतात. शंभर मायक्रॉनचा एक थेंब दहा मायक्रॉनचा केला तर त्याचे हजार होतात. कापसावर फवारणी करणाऱ्यास या हिशेबाचे मोल वेगळे सांगावयास नको.

थेंब आणि उष्णता यांचा मेळ बसणे हे या कामातील मर्म आहे. तापलेल्या तव्यावर पाण्याचा मोठा थेंब टाकला तर तो नाचतो, तव्याला निववितो आणि क्षारयुक्त पाणी असल्यास पांढरा डाग मागे ठेवतो. फ्रान्समधील व्हिग्ये आणि स्पिट्झ या संशोधकांनी १९७५ साली याचे चार प्रकार सांगितले. थेंब ओला असतानाच पृष्ठभागावर आदळला तर डाग पडतात. तो वाटेतच सुकला तर कोरडा कण येऊन बसतो आणि थर खरखरीत होतो. तो वाटेतच सुकून त्यातील संयुगाची वाफ झाली आणि ती वाफ पृष्ठभागाशी पोहोचून तेथे विघटन पावली, तर घट्ट व सलग थर तयार होतो. आणि सर्व क्रिया वाटेतच हवेत उरकली तर पृष्ठभागावर नुसती भुकटी पडते. साधावयाचा तो तिसरा प्रकार. त्यासाठी नोझलचे अंतर, हवेचा वेग, द्रावणाची तीव्रता आणि तापमान ही चारही सांभाळावी लागतात.

कोल्हापूरचा अनुभव

हे काम परदेशातच होते, असा समज कोणी करून घेऊ नये. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. तेथील पदार्थविज्ञान विभागात अनेक वर्षे पातळ थरांवर संशोधन होत आले आहे आणि फवारा-तापविघटन ही त्या विभागाची एक ओळख बनली आहे. त्या विभागातील डॉ. प्रमोद पाटील यांनी १९९९ साली या पद्धतीच्या बहुविध उपयोगांचा आढावा घेणारा लेख एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. या विषयावर काम करणाऱ्या देशोदेशींच्या अभ्यासकांनी त्याचा आधार घेतला आहे.

या विभागातील पुष्कळसे काम विजेने रंग बदलणारी काच, सौरऊर्जा आणि वायू ओळखणारी साधने यांसाठी, म्हणजे बहुधा काचेवर बसविलेल्या थरांचे आहे. गंजरोधक थर हे त्याच पद्धतीचे दुसरे अंग होय. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पातळ थर बनविण्याच्या इतर अनेक पद्धतींना निर्वात पोकळी आणि अतिशय महागडी यंत्रे लागतात. या पद्धतीस नोझल, हवेचा दाब देणारे यंत्र, तापमान राखणारी शेगडी आणि धूर बाहेर नेणारी व्यवस्था इतके साहित्य पुरते. महानगरापासून दूर असलेल्या विद्यापीठातही जागतिक तोडीचे संशोधन होऊ शकले, याचे एक कारण या साधेपणात आहे. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या नांदेडच्या विद्यापीठातही पातळ थरांवर संशोधन झाले आहे. सेलू किंवा जिंतूर येथील विद्यार्थ्यास हे दार बंद नाही, हे शिक्षकांनी त्यास अवश्य सांगावे.

धुक्याचे इतर प्रकार

द्रावणाऐवजी कोरड्या भुकटीचेही धुके करता येते. जपानमधील जून अकेदो यांनी १९९० च्या दशकात एक अनोखी पद्धत विकसित केली. सिरॅमिकचे साधारण एक मायक्रॉनहून लहान कण वायूत मिसळून, कमी दाबाच्या पेटीत ठेवलेल्या धातूवर सेकंदाला काहीशे मीटर वेगाने मारावयाचे. आघाताने कण फुटतात आणि एकमेकांत घट्ट बसतात. भट्टीवाचून, सर्वसाधारण तापमानातच सिरॅमिकचा दाट थर तयार होतो. कुंभाराच्या आव्यावाचून मडके पक्के व्हावे, असाच हा प्रकार.

याउलट जेथे जाड थर हवा असतो तेथे भुकटी अतितप्त ज्वाळेत वितळवून धातूवर मारतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात प्लाझ्मा फवारणीवर काम झाले आहे, तर हैदराबाद येथील चूर्णधातुशास्त्र व नवीन पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय प्रगत संशोधन केंद्राने नियंत्रित स्फोटाने थर देण्याचे तंत्र उद्योगांपर्यंत नेले आहे. विमानाच्या इंजिनातील पात्यांवर झिर्कोनियाचा जो उष्णतारोधक थर असतो, तो अशाच जाड थरांपैकी होय.

मर्यादांचेही भान हवे

इतके गुण ऐकल्यावर कोणी विचारील, की मग टाकीची शिडी आणि शाळेचे पत्रे यांना हाच थर का देऊ नये? उत्तर स्पष्टपणे दिले पाहिजे. आज तरी तसे करणे शहाणपणाचे नाही.

पहिले कारण आकाराचे. लहान तुकडा चारशे अंशांपर्यंत सारखा तापविणे सोपे आहे. पंधरा फुटी शिडी तापविणे सोपे नाही. दुसरे कारण प्रसरणाचे. धातू आणि सिरॅमिक उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत. पोलाद ॲल्युमिनापेक्षा सुमारे दीडपट अधिक वाढते. तापणे आणि निवणे यांच्या फेऱ्यांत थरास तडे जाऊ शकतात. तिसरे कारण रसायनांचे. द्रावणात क्लोराइड असेल तर तापल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. ती फुप्फुसांस घातक असते आणि ज्या लोखंडास वाचवावयाचे त्यासच खाते. म्हणून लोखंडासाठी संयुग निवडून घ्यावे लागते आणि काम बंदिस्त जागीच करावे लागते.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे. एनॅमलच्या पाटीवरचा तो तांबडा ओघळ आठवा. सिरॅमिकचे कवच लोखंडास झाकते, पण लोखंडासाठी स्वतः झिजत नाही. त्यात सुईच्या अग्राएवढे छिद्र राहिले तरी पाणी तेथून शिरते आणि थराखाली गंज पसरू लागतो. वरून सर्व ठीक दिसते आणि आतून लोखंड जात असते. जस्ताचे तसे नाही. पत्र्यावर ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडास वाचविते. कथिलाचे याच्या उलट आहे. कथील चढविलेल्या डब्यावर ओरखडा पडला की उघडे लोखंड अधिकच वेगाने गंजते. म्हणजे प्रत्येक कवचाचा स्वभाव निराळा असतो. उघड्यावरील पत्रे, खांब आणि शिड्या यांना जस्ताचे कवच योग्य. जेथे उष्णता, घर्षण अथवा तीव्र रसायने आहेत तेथे सिरॅमिकचे महत्त्व. काम पाहून कवच निवडावे, जाहिरात पाहून नव्हे.

ग्रामपंचायतीने काय पाहावे

गावातील लोखंडाचे शत्रू आपल्या ओळखीचे आहेत. पाणी शुद्ध करण्यासाठी वापरली जाणारी टीसीएल पावडर क्लोरीन सोडते. तिचे पोते लोखंडी झाकणाजवळ किंवा विद्युत मोटारीशेजारी ठेवले तर दोन्हींची हानी होते. रासायनिक खतांचे क्षार गोदामाच्या पत्र्यास लागतात. आपली काळी माती ओल धरून ठेवते, त्यामुळे जमिनीत पुरलेल्या लोखंडी नळास ती सतत वेढून असते. पावडर स्वतंत्र कोरड्या जागी ठेवणे, खताची पोती भिंतीपासून दूर रचणे, ही कामे खर्चाची नाहीत. तरी त्यांनी जेवढा गंज टळतो तेवढा पुष्कळ रंगरंगोटीनेही टळत नाही.

खरेदी करताना पत्र्यावरील जस्ताचे प्रमाण विचारावे. जस्त चढविलेल्या पत्र्यांसाठी आयएस २७७ हे भारतीय मानक आहे. पत्र्यावर प्रति चौरस मीटर दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त असेल, तर प्रत्येक बाजूस ते सुमारे १९ मायक्रॉन भरते. १२० ग्रॅम असेल तर सुमारे साडेआठ. पत्रे दिसावयास सारखेच दिसतात, आयुष्य मात्र सारखे नसते. दोन दरपत्रकांतील फरकाचे रहस्य पुष्कळदा येथेच दडलेले असते.

आणि कोणी सिरॅमिक कवचाचा प्रस्ताव आणलाच, तर चार प्रश्न विचारावेत. थर कशाचा आहे आणि तो भाजून बसविला आहे की नुसता रंगासारखा लावला आहे? त्याची जाडी किती आणि ती कोणत्या उपकरणाने मोजली? पृष्ठभागावरील जुना गंज कसा काढला? खारट पाण्याच्या तुषारांखाली त्याची कसोटी कोणत्या प्रयोगशाळेने, किती तास घेतली? बाजारात या नावाने विकले जाणारे पुष्कळसे द्रव हे सिलिकायुक्त लेप असतात. मोटारीच्या रंगावर त्यांचा उपयोग असेल, पण भट्टीत बसविलेल्या सिरॅमिकशी त्यांची बरोबरी होत नाही. या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्यावाचून सार्वजनिक पैसा खर्च होऊ नये. गंजावरच रंग फासून बिल काढणे हा तर लोखंडाचा आणि लोकांच्या पैशाचा दुहेरी नाश होय. शिडीची पायरी आतून कुजलेली असेल तर हा प्रश्न पैशापुरताही राहत नाही. तिच्यावर चढणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवाचा तो प्रश्न असतो.

शाळेसाठी एक प्रयोग

शिक्षक मित्रांना एक सूचना कराविशी वाटते. पाच साधे लोखंडी खिळे घ्यावेत. एक साध्या पाण्यात ठेवावा, एक मिठाच्या पाण्यात. तिसऱ्यास तेल लावून, चौथ्यास रंग देऊन त्यावर एक ओरखडा पाडून, आणि पाचव्यास जस्ताच्या पत्र्याची पट्टी घट्ट गुंडाळून मिठाच्या पाण्यात ठेवावा. आठवडाभर विद्यार्थ्यांनी रोज नोंद करावी. रंग दिलेल्या खिळ्यावर गंज कोठून सुरू झाला आणि जस्त गुंडाळलेला खिळा कसा राहिला, याची तुलना त्यांनीच करावी. जे मी इतका वेळ सांगितले ते मुलांना चार काचेच्या ग्लासांत व एका वाटीत दिसेल. आम्ले तापविण्याचे किंवा रसायनांचे धुके करण्याचे प्रयोग मात्र शाळेत मुळीच करू नयेत.

मित्रहो, विज्ञानाचे मोठे शोध पुष्कळदा साध्या शिस्तीवर उभे असतात. कल्हईवाल्याने भांडे घासावे, फवारणी करणाऱ्याने नोझल साफ ठेवावे, संशोधकाने तापमानाचा काटा ढळू देऊ नये. या तिघांची शिस्त एकच आहे. एका मायक्रॉनच्या थरास जर इतकी काळजी लागते, तर आपल्या गावच्या टाकीस, छपरास आणि पंपास वर्षातून एकदा तरी हात लावून पाहण्याइतकी काळजी आपण घेतलीच पाहिजे. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या मालकीच्या लोखंडी वस्तूंची एक यादी करावी, जेथे गंज दिसेल तेथे तो खरवडून मगच लेप द्यावा आणि त्याची तारीख नोंदवहीत लिहावी.